वणव्याचे शिक्षण कोणी कोणास द्यावे?

फाल्गुन-चैत्र आला की पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड या बाजूंचे डोंगर रात्री पेटलेले दिसतात. मग वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त होते, शाळांतून भित्तिपत्रके रंगविली जातात, आणि सुशिक्षितांच्या बैठकीत एक ठरीव वाक्य ऐकू येते : “डोंगर जाळला म्हणजे पुढील साली गवत चांगले येते, ही खेडुतांची अंधश्रद्धा होय, त्यांचे प्रबोधन केले पाहिजे.” या वाक्यातील हळहळ आम्हांस मान्य आहे; त्यातील घमेंड मान्य नाही. वणव्याचे शिक्षण हवेच. परंतु त्यात गुरू कोण आणि शिष्य कोण, हे ज्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे त्यांच्याशी आमचे भांडण आहे.

प्रथम एक गोष्ट साफ सांगतो. मार्च-एप्रिलात, वारा सुटला असता, कोणाच्याही नजरेखाली नसलेली आग घातकच होय. दाजीपूरच्या रानातील अंजनी, जांभूळ यांसारख्या सदाहरित झाडांना आगीची सवय नाही. रानाची कड एकदा जळाली की तेथे गवत शिरते, आणि पुढील वर्षीची आग आणखी एक पाऊल आत येते. अशा वणव्याची वकिली आम्हांस करावयाची नाही.

तथापि ‘आग’ हा शब्द एक असला तरी वस्तू एक नाही. भाताच्या तरव्यासाठी राब भाजणारा शेतकरी शेण, फांद्या, पालापाचोळा व माती यांचे थर रचतो, वाऱ्याचा रोख पाहतो, आणि आग विझेपर्यंत बांधावरून हलत नाही. त्याच्या आगीला वेळ आहे, सीमा आहे आणि राखणदार आहे. बेफाम वणव्याला यांपैकी काहीच नाही. या दोहोंना एकाच नावाने झोडपणे म्हणजे चुलीस व घराला लागलेल्या आगीस एकच समजणे होय.

ही गल्लत आजची नाही. इंग्रजी अमदानीतील वनशास्त्र ज्या युरोपातून आले, तेथील वनपंडितांच्या लेखी आग ही केवळ शत्रू होती. १८७८ च्या व पुढे १९२७ च्या वनकायद्याने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरविला. राबावरील निर्बंधांविरुद्ध ठाणे-कुलाब्याच्या रयतेचा इतका ओरडा झाला की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. १९२७ च्या कायद्याचे ७९ वे कलम तर मुद्दाम वाचण्यासारखे आहे. वनातील हक्क उपभोगणाऱ्याने वणवा विझविण्यास मदत केलीच पाहिजे, असे ते बजावते. म्हणजे सरकारने डोंगरातल्या माणसाचे हात मागितले. डोके मात्र कधी मागितले नाही!

ते डोके मागितले असता काय होते, याचे उदाहरण शेजारच्या कर्नाटकात आहे. बिळिगिरीरंगन डोंगर १९७४ साली अभयारण्य झाला आणि सोलिगांचा आग लावण्याचा प्रघात बंद पडला. पुढे तेथे घाणेरीचे रान माजले. सोलिगांचे म्हणणे असे की, हंगामाच्या आरंभीच लावलेली हलकी आग घाणेरीस आणि आवळ्यावरील बांडगुळास आवर घालीत असे. याउलट, आगीनेच घाणेरी फोफावते आणि घाणेरीने आग भडकते, असे अनुमान शास्त्रज्ञांनी २००५ साली मांडले होते. तरीही त्यांनी सोलिगांना अडाणी म्हणून झिडकारले नाही. त्यांचे म्हणणे टिपून घेऊन २०१२ साली ते शास्त्रीय नियतकालिकात चर्चेस ठेवले. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस पश्चिम आर्नहेम प्रदेशात तर २००६ पासून सुमारे २८,००० चौरस किलोमीटर मुलखात मूलनिवासी व शास्त्रज्ञ मिळून हंगामाच्या प्रारंभी मर्यादित आगी लावतात, आणि त्यायोगे उशिराचे प्रचंड वणवे घटले आहेत.

येथे आमचे दुसरे प्रतिपक्षी हर्षभरित होतील. “पाहा, पूर्वजांस सर्व ठाऊक होते!” असे म्हणणाऱ्यांस आमचे उत्तर इतकेच की, आर्नहेमचे विरळ गवताळ रान म्हणजे राधानगरीची ओली दरी नव्हे. जुने म्हणून सोने ठरत नाही; ते कसास लावावे लागते. सड्यावरचे गवत खरोखर जाळल्याने सुधारते की कापल्याने, हे घोषणांनी ठरणार नाही. एक वाफा न जाळलेला, एक लवकर जाळलेला, एक कापलेला, असे गवताचे वाफे वनखात्याच्या परवानगीने राखावे, पाच वर्षे मोजदाद करावी, आणि निकाल काहीही लागो, तो ग्रामसभेत वाचून दाखवावा.

उपग्रहाचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे वणव्याच्या सूचना देत आहे. परंतु उपग्रह आगीचा ठिपका दाखवितो. त्या ठिपक्याकडे जाणारी पायवाट, मधला ओढा आणि तिसऱ्या प्रहरी दरीतून फिरणारा वारा धनगरवाड्यावरच्या म्हाताऱ्यास ठाऊक असतो. म्हणून आमची मागणी अशी : मार्गशीर्षात, जाळरेषा काढण्यापूर्वी, वनरक्षक, हंगामी मजूर व महाविद्यालयीन विद्यार्थी यांचे शिक्षण डोंगरातच व्हावे. वनाधिकाऱ्याने आगीचे शास्त्र शिकवावे, गवळी धनगराने डोंगर शिकवावा, आणि दोघांसही मानधन मिळावे.

“ते जाणते आता उरले कोठे? त्यांची मुले मुंबईस गेली,” असा आक्षेप येईल. तो खरा आहे, आणि घाई करण्याचे कारणही तोच आहे.

शेवटी, अडाणी कोण याचाही निवाडा व्हावा. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहणास गेलेले शहरी तरुण-तरुणी वणव्यात सापडले, आणि वीसहून अधिक जण प्राणास मुकले. आग उताराने खाली येते त्याहून कितीतरी वेगाने चढणीवर धावते, हे डोंगरातले पोर जाणते. आमच्या पदवीधरांपैकी किती जाणतात? सुट्टीच्या दिवशी आपलीही मुले गडांवर आणि पठारांवर जातात. त्यांना हा धडा देणारा गुरू घोंगडी पांघरून येत असेल, तर त्यास प्रबोधनाची पत्रके वाटण्याऐवजी बसावयास आसन द्यावे.