भिंतीवर टांगलेली सायकल

हल्ली नव्या हॉटेलांमध्ये एक फॅशन आली आहे. भिंतीवर जुनी काळी सायकल टांगायची. चेन काढलेली, टायर गायब, वर पिवळा दिवा. लोक तिच्याखाली बसून फोटो काढतात. मला ती बघितली की घास उतरत नाही. (घास व्यवस्थित उतरतो हो, पण त्रास होतो हे खरं.)

असाच त्रास न उघडलेला मेकॅनोचा खोका बघून होतो. संग्राहकांच्या बाजारात अशा खोक्यांना फार मान. पट्ट्या अजून पुठ्ठ्याला बांधलेल्या, नट-बोल्टची पुडी तशीच. जास्तीची किंमत कशाची? तर साठ वर्षांत कुणी हात लावला नाही याची! ज्या पोराला तो मिळाला त्याचे वडील आमच्यासारखे संग्राहकच असणार बहुतेक. बिचारं पोर.

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने पत्र्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून मुलांसाठी क्रेन वगैरे बनवली आणि १९०१ मध्ये पेटंट घेतलं. मेकॅनो हे नाव १९०७ चं. दोन भोकांमधलं अंतर अर्धा इंच, आणि सगळी गंमत या अर्ध्या इंचात आहे. बिन्स रोडवरचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, पण आजोबांची पट्टी नातवाच्या पट्टीला अजून बसते. १९३४ मध्ये मँचेस्टरला डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोचे भाग जोडून गणितातली अवघड समीकरणं सोडवणारं यंत्र उभं केलं. खेळण्यातून! खोका जपून ठेवणारे असते तर झालंच.

जुनी सायकल याच जातीची. सळईचे ब्रेक, पेडलच्या दांड्यातली कॉटर पिन, हबमधले छर्रे... सगळं डोळ्यांना दिसतं आणि पान्याने उघडतं. काय बिघडलंय ते बघून कळतं. उघडता येणं हाच तिचा गुण, आणि आपण तिला शोभेची वस्तू करून नेमका तोच काढून घेतो.

माझा एक मित्र म्हणतो, "वापरलं की झिजणार. मूळ रंग, मूळ सोनेरी अक्षरं गेली की गेली." यात तथ्य आहे. मूळ रंगाला हात लावू नये, हे माझंही मत. चकचकीत रंग मारून आणलेली सायकल मला केस काळे केलेल्या आजोबांसारखी वाटते. पुण्यात विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात जुन्या सायकली शेजारी शेजारी बघता येतात, तसा एखादा संग्रह शहराला हवाच. पण प्रत्येकाने घरात संग्रहालय कशाला मांडायचं?

कारण इथे फक्त वस्तूचा प्रश्न नाही. आमच्या भागातले सायकलवाले काका सत्तरीचे आहेत. आरे एकेक पिळत चाकाचा आऊट काढताना ते चाकाकडे बघतही नाहीत, बोटाने आऱ्याचा आवाज ऐकतात. मुलगा मोबाइल दुरुस्तीत गेला, त्याला दोष कसा देणार? सळईचा ब्रेक बसवून घ्यायला गिऱ्हाईकच येत नाही. जे येतात ते जुनी सायकल विकत मागतात, टांगायला. कॉटर पिन उद्या कुणीही लेथवर बनवून देईल. ती ठोकताना किती ठोकायची हे काकांकडूनच शिकावं लागेल, आणि त्यासाठी रस्त्यावर चालणारी सायकल लागेल.

तेव्हा जुनी सायकल घ्या जरूर, पण घासाघीस करून वाचवलेले पैसे आधी अशा एखाद्या दुकानात खर्च करा. माझ्याकडे तीन आहेत, तिन्ही चालतात. एक जरा कुरकुरते.

मेकॅनोच्या हिरव्या पट्ट्यांचा रंग मात्र कोपऱ्यांवर उडालाय. भाचीने सध्या त्यांची क्रेन बांधली आहे. हूक वर जाताना दोरी घसरते, आणि वॉशर कमी पडताहेत. कुणाकडे जादा असतील तर कळवा.