'अनाघ्रात' कोणासाठी? : पोर्तुगालच्या पायवाटा आणि वाटाड्याचे वाचन

पोर्तुगालच्या ग्रामीण भागात माणसांचा गट घेऊन पायी हिंडवून आणणाऱ्या सहलींची माहितीपत्रके वाचू लागले, की एक विशेषण हटकून भेटते. त्याचे मराठी करायचे तर 'अस्पर्श', 'न बिघडलेले' असे शब्द सुचतात. आम्हांला 'अनाघ्रात' हा शब्द अधिक नेमका वाटतो, कारण त्याच्यामागे 'शाकुंतल' उभे आहे. दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकापाशी शकुंतलेविषयी बोलताना हे विशेषण वापरतो. तो शिकारीच्या निमित्ताने आश्रमाच्या परिसरात आलेला नगरवासी आहे. पहिल्या अंकात मात्र आपण हीच शकुंतला सख्यांसह आश्रमातल्या झाडांना पाणी घालताना पाहिलेली असते. राजाला जे वनातले आपोआप उमललेले सौंदर्य वाटते, ते रोजच्या निगराणीच्या जागेत वाढलेले आहे. अनाघ्रातपणाचा निर्वाळा नेहमी पाहुणा देतो. झाडांना पाणी घालणाऱ्याच्या तोंडी तो शब्द येत नाही.

आमचे म्हणणे असे, की पोर्तुगालच्या खेड्यापाड्यांतून गट नेणाऱ्या वाटाड्याने हा शब्द टाकून द्यावा. तसे केल्याने चालण्यातला आनंद उणावेल असे आम्हांला वाटत नाही. हा प्रश्न पर्यटनाइतकाच वाचनाचाही आहे, म्हणून तो साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे मांडावासा वाटतो.

गटाने चालण्याची रीत साधी असते. दहा-बारा माणसे, पुढे वाटाड्या, आणि सामान गाडीने पुढच्या मुक्कामी गेलेले. वाटेवर रंगाच्या खुणा असतात. लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्या, छोट्या वाटांवर पिवळ्या-तांबड्या, तर नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या 'कोळ्यांच्या वाटे'वर हिरव्या-निळ्या. फुली दिसली की वाट चुकली असे समजायचे. इतक्या खुणा असताना वाटाड्या हवा कशाला, असा प्रश्न पडू शकतो. खुणा वाट दाखवतात. थांबायचे कोठे, हे मात्र वाटाड्या ठरवतो. तो थांबला की गट थांबतो, त्याने बोट दाखवले की गट पाहतो, आणि तो ज्याच्यापाशी थांबत नाही ते गटापुरते अस्तित्वातच राहत नाही. वर्गात कादंबरी शिकवणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. तीनशे पानांपैकी जी दहा पाने आपण मोठ्याने वाचतो, तीच विद्यार्थ्यांच्या लेखी कादंबरी ठरते. वाटाड्याचे थांबे म्हणजे त्याची समीक्षाच होय.

आता हे थांबे कोठे असावेत ते पाहू. दक्षिणेकडच्या आलेंतेजो प्रांतात विरळ, पसरट ओकवृक्षांची कुरणे लागतात. पाहताक्षणी हे सारे निसर्गाने सहज मांडून ठेवले आहे असे वाटते. ही बुचाची झाडे. (आपल्याकडे पांढऱ्या सुगंधी फुलांचा सडा घालणारे बुचाचे झाड निराळे.) जगातल्या एकूण बुचापैकी सुमारे निम्मे पोर्तुगालमध्ये निघते. झाड पंचवीसएक वर्षांचे झाल्यावर पहिल्यांदा साल काढतात, आणि पुढे दोन सोलण्यांमध्ये किमान नऊ वर्षांचे अंतर कायद्याने राखावे लागते. बाटलीच्या बुचाजोगी साल तिसऱ्या खेपेस मिळते. म्हणजे तोवर झाडाने चाळिशी ओलांडलेली असते. उन्हाळ्यात कुशल कामगार कुऱ्हाडीने, आतल्या थराला इजा न करता, ही साल उतरवतात आणि खोडावर पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहितात. तो त्या वर्षाचा शेवटचा अंक. ३ दिसला तर २०२३, आणि पुढची सोलणी २०३२ च्या आधी नाही. ज्या कुरणाच्या प्रत्येक खोडावर तारीख लिहिली आहे, त्याला अनाघ्रात म्हणायचे म्हणजे समोरचा मजकूर न वाचण्यासारखे आहे. याच मातीतल्या भूमिहीन शेतमजुरांच्या पिढ्यांवर जुझे सारामागो यांनी १९८० साली कादंबरी लिहिली. तिच्या शीर्षकाचा अर्थ 'भुईतून उठलेला' असा होतो. ती वाचलेल्याला हे कुरण पुन्हा नुसते कुरण म्हणून दिसत नाही.

उत्तरेकडे डोंगराळ भागात हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. तेथे गावाच्या सामाईक मालकीची गायराने होती. सालाझारच्या राजवटीत, १९३८ च्या वनीकरण योजनेनुसार, शासनाने त्यांवर पाइनची लागवड सुरू केली आणि मेंढ्या चारणाऱ्यांची जमीन हातची गेली. आकिलिनो रिबेइरो यांनी या संघर्षावर 'लांडगे ओरडतात तेव्हा' अशा अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यावर बंदी आली, आणि सत्तरी ओलांडलेल्या लेखकावर खटला भरण्यात आला. क्रांतीनंतर, १९७६ मध्ये, कायद्याने गायराने गावांना परत मिळाली. आज चालणाऱ्याला ज्या पाइनच्या दाट सावलीत 'आदिम अरण्य' भासते, त्यातल्या कित्येक झाडांमागे असा वाद उभा आहे.

याच उत्तरेत पेनेदा-जेरेश हे देशातले एकमेव राष्ट्रीय उद्यान १९७१ मध्ये स्थापन झाले. त्याच सुमारास त्या परिसरातले व्हिलारिन्यो दा फुर्ना हे गाव रिकामे केले जात होते. १९७२ मध्ये धरण पूर्ण होऊन ते पाण्याखाली गेले. गुरे पाळीपाळीने चारणारे, कामे गावसभेत ठरवणारे हे गाव होते. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्जी दियास यांनी १९४८ मध्ये त्याच्यावर ग्रंथ लिहिला होता. पाणी ओसरले की घरांच्या दगडी भिंती वर येतात आणि पर्यटक त्या पाहायला जातात. निसर्ग राखण्याचा आणि गाव बुडवण्याचा निर्णय जवळजवळ एकाच वेळी अमलात यावा, यातली विसंगती वाटाड्याने सांगितली नाही, तर त्या भिंती केवळ छायाचित्राचा विषय होतात.

आणि शांतता? माहितीपत्रकांत तिचेही गुणगान असते. परंतु या शांततेला कारण आहे. १९६० नंतरच्या दीड दशकात दहा लाखांहून अधिक पोर्तुगीज देश सोडून गेले. त्यांतले बहुसंख्य फ्रान्सला, आणि कित्येक चोरवाटांनी सरहद्द ओलांडून. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात कमी पटसंख्येच्या हजारो प्राथमिक शाळा बंद झाल्या. माणसे गेली, गुरे कमी झाली, शेतांत झुडपे माजली. वनक्षेत्राचा सुमारे चौथा हिस्सा कागदाच्या लगद्यासाठी लावलेल्या निलगिरीने व्यापला. जून २०१७ मध्ये पेद्रोगाँव ग्रांदच्या परिसरात लागलेल्या वणव्यात ६६ माणसे मृत्युमुखी पडली. ओस पडलेली शेते आणि सलग पसरलेली निलगिरी-पाइनची राने यांचा या वणव्यांशी संबंध आहे. माणसाचा हात निघून गेल्यावर भूमी निर्मळ होतेच असे नाही. कधी ती पेटते.

सर्वांत अवघड थांबा मात्र नैर्ऋत्य किनाऱ्यावर आहे. 'रोता व्हिसेंतिना' हे वाटांचे जाळे २०१२ मध्ये खुले झाले. स्थानिक लोकांनी पुढाकार घेऊन, मासेमारीला जाणाऱ्यांच्या जुन्या वाटा जोडून केलेले हे काम खरोखर कौतुकास्पद आहे. एका बाजूला कडे आणि अटलांटिक; दुसऱ्या बाजूला, ओदेमिरा तालुक्यात, प्लॅस्टिकने झाकलेली विस्तीर्ण शेती. तेथे युरोपच्या बाजारपेठेसाठी रासबेरीसारखी फळे पिकतात. या सिंचनक्षेत्राचा मोठा भाग संरक्षित निसर्गउद्यानाच्या हद्दीतच येतो. तेथे राबणाऱ्यांत भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, थायलंड येथून आलेले स्थलांतरित मोठ्या संख्येने आहेत. एप्रिल २०२१ च्या अखेरीस करोनामुळे या तालुक्यातल्या दोन भागांची नाकेबंदी झाली, तेव्हा एकेका घरात दाटीवाटीने राहणाऱ्या या कामगारांची स्थिती देशासमोर आली. त्या वाटेवर चालणाऱ्याने समुद्राकडे तोंड ठेवले तर त्याला अनाघ्रात किनारा दिसतो. मान वळवली तर त्याला आपल्याच उपखंडातला माणूस दिसतो. वाटाड्या कोणत्या बाजूला बोट दाखवतो, यावर सारे अवलंबून आहे.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. लोक वर्षभर काम करून आठवडाभर विसाव्याला येतात. त्यांना मजुरीचा आणि वणव्यांचा इतिहास ऐकवणे हा अत्याचार नव्हे काय? शिवाय या चालणाऱ्यांच्या पैशावरच ओस पडणाऱ्या गावांतली खानावळ चालते, एखादे घर पुन्हा उघडते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वाटाड्याने प्रत्येक वळणावर व्याख्यान द्यावे असे आम्हीही म्हणत नाही. शिक्षकाने कवितेच्या प्रत्येक ओळीवर टीप दिली तर कविता मरते, हे आम्ही वर्गात पाहिले आहे. परंतु टीप न देणे वेगळे आणि चुकीची टीप देणे वेगळे. 'अनाघ्रात' ही चुकीची टीप आहे. खोडावरचा आकडा कसा वाचायचा हे सांगायला दोन मिनिटे लागतात, आणि त्यानंतर गट उरलेल्या दिवसभर आपापले आकडे शोधत चालतो. गावाच्या खानावळीचा प्रश्नही येथेच येतो. जो पाहुणा गाव 'जसेच्या तसे' राहावे म्हणून पैसे मोजतो, त्याला तेथे नवे शेत, नवी शाळा किंवा नवा रहिवासी आला की फसवणूक झाल्यासारखे वाटते. ज्याला हे गाव कसे घडले आणि कसे रिते झाले हे कळले आहे, तो त्याच्या पुढच्या बदलालाही जागा देतो.

पोर्तुगीज साहित्यात या दोन दृष्टी शेजारी-शेजारी नांदतात. फेर्नांदो पेसोआ लिस्बनमधल्या व्यापारी कचेऱ्यांचा परकीय भाषांतला पत्रव्यवहार सांभाळत असे. त्याने आल्बेर्तो काएरो हा मेंढपाळ कवी कल्पिला आणि त्याच्या नावाने कविता लिहिल्या. तो मेंढपाळ कल्पित आहे याची जाणीव त्या कवितेला आहे, म्हणून ती थोर आहे. माहितीपत्रकाला ती जाणीव नसते. मराठीतही आपण हा फरक ओळखतो. 'बनगरवाडी' १९५५ मध्ये आली, तेव्हापासून शहरी वाचकाने तिच्यावर प्रेम केले; परंतु तिचा शेवट दुष्काळाने गाव उठण्यात होतो हे विसरून केलेले तिचे वाचन अपुरेच राहते. धनगरांची ती रिती वाडी 'शांत, रम्य' म्हणून कोणी दाखवू लागला, तर आपण त्याला वाचक म्हणणार नाही.

वाटाड्याकडून आमची अपेक्षा एवढीच आहे. बुचाच्या खोडापाशी, धरणाच्या काठाशी, बंद शाळेच्या दाराशी आणि प्लॅस्टिकच्या शेताच्या कुंपणापाशी त्याने थोडे थांबावे, कोणी केले आणि कोण गेले ते सांगावे, आणि मग चालू लागावे. पुढचे गट पाहील.