शकुंतलेच्या आत कोण बसलं होतं?

शकुंतला एक्स्प्रेसचा फोटो कसा असेल, हे फाइल उघडण्याआधीच सांगता येतं. दोन्ही बाजूंना बाभळी, मधे अरुंद रूळ, समोरून येणारं इंजिन आणि रुळातच उकिडवा बसलेला आपला फोटोग्राफर. (असं बसणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, हे जाता जाता.) असे फोटो आमच्याकडे वर्षानुवर्षं येत आहेत. फोकस चोख, रंग छान. पण नाव झाकलं तर कुठला कुणाचा, हे ओळखून दाखवावं.

वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला हे रूळ पडले. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन इथे १९९४च्या एप्रिलपर्यंत राबलं, मग डिझेल आलं. गाडीचा कारभार मोजक्या माणसांवर चालायचा. तिकिटंसुद्धा गार्डच द्यायचा. चालत्या डब्यात सुट्टे पैसे मोजणारा गार्ड, दर्यापूरच्या बाजाराला निघालेली, पायांत पिशवी धरून बसलेली बाई, "सरका ना जी थोडं" म्हणत दारातून आत शिरणारा गडी: हे फोटो कुठे आहेत? गाडी इतकी सावकाश चालायची की मोटारसायकलवरचा फोटोग्राफर तिला एका सकाळी तीनदा गाठायचा. तिकीट काढून आत बसायचं मात्र फार थोड्यांना सुचलं.

आत काम अवघड असतं, हे मान्य. वैशाखात खिडकीबाहेर पांढरं ऊन आणि आत काळोख. मीटर शेतावर धरलं तर माणूस काळा पडतो, माणसावर धरलं तर शेत उडून जातं. आमचं मत स्पष्ट आहे: शेत जाऊ द्या. ते पुढच्या वर्षीही तिथेच असेल. दोन्ही हवं असेल तर आषाढातलं भरलेलं आभाळ गाठावं. तेव्हा खिडकीतला उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो आणि बाहेरची काळी मातीही तपशिलासकट येते.

अकोला-खंडवा मीटरगेजवरच्या धूळघाटाचंही तेच झालं. मेळघाटातला चढ पेलावा म्हणून तिथे रूळ मोठा वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडून जायचा. टेकडीवर चढून तो वळसा टिपणारे पुष्कळ होते. वरून घेतलेला फोटो रचना समजावून देतो, पण तेवढं काम नकाशाही करतो. खरा प्रसंग डब्यात घडायचा. थोड्या वेळापूर्वी ज्या रुळावरून आलो तोच आता खाली दिसतोय, हे लक्षात आलं की नवखा प्रवासी ताडकन उठून खिडकीला नाक लावायचा. शेजारचा रोजचा प्रवासी डोळेही उघडायचा नाही. हे दोघे एका चौकटीत यायचे तर कॅमेरा आधीपासून तयार हवा, आणि वळसा कधी येतो हे ठाऊक हवं. म्हणजे त्या गाडीने आधी नुसताच प्रवास केलेला हवा. १ जानेवारी २०१७पासून ती गाडी बंद झाली. पुढे अकोल्याहून अकोटपर्यंत ब्रॉडगेज झालं, पण जंगलातल्या टप्प्यावरून वाद झाला. व्याघ्र प्रकल्पातून रुंद रूळ जाऊ नये, असंच आम्हालाही वाटतं. पण त्याचा अर्थ तो वळसा आता पुन्हा मिळणार नाही.

तेव्हा जे आज चालू आहे ते धरा. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणारी एसटी आहे, धारणीकडे जाणाऱ्या गाड्या आहेत. त्यांच्यासमोर नव्हे, त्यांच्यात बसा. समोरच्याला विचारून फोटो काढा, आणि त्याच संध्याकाळी गाव, तारीख, गाडी कुठून कुठे चालली होती हे लिहून ठेवा.

शकुंतला आणि धूळघाटच्या गाडीत आतून काढलेले फोटो आम्हाला छापायचे आहेत. जुन्या निगेटिव्ह असतील तर मूळ पाठवू नका. स्कॅन करून पाठवा आणि साल, स्थानक, असल्यास प्रवाशाची आठवण सोबत लिहा. इंजिनाचे फोटो कृपया नकोत. ते आमच्याकडे भरपूर आहेत.