गळ मुलांच्या हाती नको



सुटीत मुलांना गळ टाकायला शिकवा, असे सुचवणारे पत्र वाचले. मासा परत पाण्यात सोडला की त्याला काही होत नाही, हे त्यातले म्हणणे मान्य नाही. लिन स्नेडन यांच्या ब्रिटनमधील २००३च्या संशोधनात ट्राउटच्या डोक्यावर, तोंडाभोवती वेदना टिपणाऱ्या चेता आढळल्या. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच हेतूने मासे पकडायला बंदी आहे. त्या पत्रातला कोळ्यांचा दाखलाही चुकीचा. ते पोटासाठी जाळे टाकतात, करमणुकीसाठी नव्हे. मुलांना निसर्गाची ओढ लावायची तर महाड तालुक्यातील वाळणकोंडला न्या. काळ नदीच्या त्या डोहातले मासे गावकरी देवीचे मानून पिढ्यान्‌पिढ्या राखत आले आहेत. पालकांनो, मुलांना मासे न्याहाळायला शिकवा. खेळ म्हणून गळाला लावायला नको.

– एक शिक्षिका, माणगाव