सेन्सर बनवायच्या आधी खात्री विकायला शिका



गेल्या आठवड्यात आपल्या एका प्रेक्षकाचा फोन आला. सातारा जिल्ह्यातला मुलगा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला. म्हणाला, "सर, ग्राफीनचे गॅस सेन्सर बनवायचेत. एक जण मशीन आणि ट्रेनिंग दोन्ही देतोय. आईचे दागिने गहाण ठेवून चार लाख उभे करतोय. करू का?"

मी म्हटलं, "आधी दागिने परत कपाटात ठेव. मग बोलू."

त्याला जे अर्धा तास सांगितलं, तेच आज सगळ्यांसाठी लिहितोय.

पहिली गोष्ट, विषय खोटा नाही. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. त्याची सुरळी केली की कार्बन नॅनोट्यूब. यातला जवळजवळ प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो. त्यामुळे गॅसचे थोडेसे रेणू चिकटले तरी विजेला होणारा रोध बदलतो आणि तो बदल आपण मोजू शकतो. २००० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी नॅनोट्यूबवर नायट्रोजन डायऑक्साइड आणि अमोनिया ओळखून दाखवले, तेही खोलीच्या तापमानाला. २००७ साली मँचेस्टरच्या टीमने तर ग्राफीनवर गॅसचा एकेक रेणू टिपला.

आता बाजारात शे-दीडशे रुपयांना मिळणारा एमक्यू मालिकेतला सेन्सर बघा. त्यात टिन ऑक्साइड असतं. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६० च्या दशकात शोधलेलं हे तंत्र. त्याच्या आत एक छोटा हीटर सतत चालू ठेवावा लागतो, म्हणजे बॅटरी खातो. कार्बनवाल्याला ही शेगडी लागत नाही. फायदा खरा आहे.

मग अडतं कुठे? चार ठिकाणी.

एक, ओळख. साधा ग्राफीन सेन्सर "काहीतरी आलंय" एवढं सांगतो, काय आलंय ते नेमकं सांगत नाही. त्यासाठी वर खास रसायनाचा थर द्यावा लागतो. दोन, दमट हवा. पाण्याची वाफही रोध बदलते. लॅबमधल्या कोरड्या हवेत पास झालेला सेन्सर जुलैत चिपळूणला नेऊन बघा! तीन, परत शून्यावर येणं. चिकटलेला गॅस लवकर सुटत नाही; स्टॅनफर्डच्या प्रयोगातही खोलीच्या तापमानाला त्याला काही तास लागले होते. चार, सारखेपणा. नॅनोट्यूबमध्ये काही धातूसारख्या वागतात, काही अर्धवाहकासारख्या. शंभर सेन्सर बनवले आणि शंभर वेगळे आकडे आले, तर गिऱ्हाइकाला काय देणार?

या चार अडचणींवर जगभर मोठमोठ्या लॅब वर्षानुवर्षं काम करतायत. चार लाखांचं मशीन आणि चार दिवसांचं ट्रेनिंग हे प्रश्न सोडवू शकत नाही. जो "सुटतात" म्हणतो, तो सेन्सरचा धंदा करत नाहीये, तुम्हीच त्याचा धंदा आहात. हे माझं स्पष्ट मत आहे.

यावर तो मुलगा म्हणाला, "पण सर, तुम्हीच सांगता ना, रिस्क घ्यायला पाहिजे?" बरोबर आहे, सांगतो. पण रिस्क आपल्या पैशाची घ्यायची, दुसऱ्याच्या जिवाची नाही. डोसा भाजायचा तवा बिघडला तर एक डोसा जळतो. गॅसचा अलार्म वाजायच्या वेळी गप्प बसला तर? एलपीजीचं प्रमाण हवेत साधारण २ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. सेप्टिक टँकमधल्या हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास असतो, पण प्रमाण वाढलं की नाकच काम करेनासं होतं. अशा ठिकाणी घरी जुळवलेला, न तपासलेला डबा "सेफ्टी" म्हणून विकणं हे माझ्या दृष्टीने पाप आहे. स्फोटक वायूच्या जागी बसणाऱ्या उपकरणांना पेसो या केंद्रीय संस्थेची मान्यता लागते. तिचं मुख्य कार्यालय नागपुरातच आहे, माहिती काढणं अवघड नाही.

मग आपल्यासारख्याने काय करायचं? मी त्याला विचारलं, "तुझ्या गावाजवळ काय आहे?" म्हणाला, "पोल्ट्री." झालं की मग! पोल्ट्री शेडमध्ये लिटर ओलं झालं की अमोनिया वाढतो. तो २५ पीपीएमच्या आत असावा असं साधारण मानलं जातं. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. रोज शेडमध्ये वावरणाऱ्या माणसाच्या नाकाला त्या वासाची सवय होते, त्याला कळतच नाही. पक्ष्यांचे डोळे चुरचुरतात, श्वसनाचे आजार वाढतात, वजन घटतं. म्हणजे नुकसान होतंय पण दिसत नाहीये. तुम्ही ते आकड्यात दाखवलंत तर शेतकरी पैसे का देणार नाही?

त्यासाठी सेन्सर बनवायची गरज नाही. कॅलिब्रेशन सर्टिफिकेट असलेलं एक तयार अमोनिया मीटर घ्या. महिन्यातून दोनदा शेडवर जा, पक्ष्यांच्या उंचीवर मोजा, वहीत नोंद करा, पंखे आणि लिटरबद्दल सल्ला द्या. समजा वीस शेड मिळाल्या आणि प्रत्येकी ५०० रुपये महिना ठरले, तर १०,००० रुपये येतात. त्यातून पेट्रोल वजा करा, मीटरचं वेळोवेळी कॅलिब्रेशन वजा करा. दर तुमच्या भागात विचारून ठरवा. आकडा छोटा आहे, मान्य. पण वर्षभरात तुमच्याकडे वीस शेडच्या नोंदी असतील आणि वीस माणसांचा विश्वास असेल. तो कुठल्याच मशीनबरोबर फुकट येत नाही.

आणि ग्राफीनचं स्वप्न? ते सोडू नका. २०१२ साली अमेरिकेतल्या एमआयटीत नॅनोट्यूबची पूड दाबून पेन्सिलचं शिसं केलं, कागदावर रेघ ओढली आणि त्या रेघेने अमोनियाच ओळखून दाखवला. उद्या असा सेन्सर स्वस्तात आणि भरवशाचा मिळायला लागेल, तेव्हा तो विकत घेऊन शेडमध्ये बसवायला कोण लागेल? ज्याला शेड, दमटपणा, धूळ आणि गिऱ्हाईक माहीत आहे तो. स्वतःच काही बनवायचं असेल, तर पुण्यात एनसीएलच्या आवारातल्या व्हेंचर सेंटरसारखी ठिकाणं आहेत. तिथे जाताना कोऱ्या हाताने जाऊ नका, शेडवरची वही घेऊन जा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या दहा किलोमीटरच्या आत वायूमुळे नुकसान होणारा एक धंदा शोधा. तिथल्या पाच मालकांना भेटा. काही विकू नका, फक्त विचारा, "वास येतो तेव्हा तुम्ही काय करता?" उत्तरं वहीत लिहा.

आणि हो, दागिने कपाटातच आहेत. त्या मुलाने परवा तीन शेड बघितल्या.