नाव नाही, तर वाटाही नाही

‘शंखपुष्पी’ या एकाच नावाने निरनिराळ्या प्रांतांत विष्णुक्रांता आणि गोकर्ण अशा भिन्न वनस्पती ओळखल्या जातात. नावाचा हा घोळ केवळ पंडितांचा वाद नव्हे; तो रोग्याच्या औषधाचा व रानातून ते गोळा करणाऱ्याच्या मोबदल्याचाही प्रश्न आहे.

हा घोळ निस्तरणारे शास्त्र म्हणजे वनस्पतिवर्गीकरण. त्याला वाहिलेली ‘इंडियन असोसिएशन फॉर अँजिओस्पर्म टॅक्सॉनॉमी’ ही संस्था १९९० मध्ये स्थापन झाली. तिचे मुखपत्र ‘ऱ्हीडिया’. खानदेशातही या शास्त्राचे काम झाले आहे. धुळे-नंदुरबारची वनस्पतिसूची २००३ मध्ये, तर जळगावची २००८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

परंतु ग्रंथ कपाटात राहून भागणार नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने वनस्पतींच्या व्यापारी वापरातील लाभात स्थानिकांचा वाटा मान्य केला आणि गावोगावी नोंदवह्या आल्या. चोपडा, यावल वा शिरपूर तालुक्यातील पावरा आणि भिल्ल वस्त्यांच्या नोंदवहीत बोलीनावापुढे चुकीचे शास्त्रीय नाव पडले, तर त्या हक्काचा पायाच खचतो.

अशा ज्ञानाचा लाभ सर्वांना होतो. म्हणूनच त्याची किंमत कोणी एकटा मोजत नाही. बाजार हे काम करणार नाही. शासनाने व विद्यापीठाने ते अंगावर घ्यावे, महाविद्यालयांतील वनस्पतिसंग्रह जपावेत आणि प्रत्येक नोंदवही जाणकाराकडून तपासून घ्यावी. झाडाची ओळख पटविणे ही चैन नव्हे. ते गरिबाच्या मालमत्तेचे दस्तऐवज आहे.