सीताफळापुढचा कॅमेरा

बालाघाटाच्या खडकाळ उतारांवरील ज्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक निर्देशांकाची सनद मिळाली, ते छायाचित्रकाराच्या दृष्टीने मोठे अडचणीचे फळ आहे. कारण डोळे उघडू लागले की त्याचे रूप खुलते खरे, परंतु साल काळवंडण्यास त्यानंतर फार तर दोन-तीन दिवसांची मुदत उरते. बीड जिल्ह्यातील आमच्या व्यवसायबंधूंनी मीडियम फॉरमॅटचा संच निवडताना हे फळ टेबलावर ठेवूनच विचार करावा.

मामिया आरबी६७ हा १९७० सालचा कॅमेरा अद्याप अनेकांच्या मनात घर करून आहे, आणि त्याचा भाता व फिरती पाठ पाहता ते रास्तही आहे. मात्र दहा सेंटिमीटरचे फळ ६×७च्या चौकटीत भरावयाचे म्हणजे प्रतिमा फळाच्या निम्म्या आकाराची होते, भाता लांबतो आणि प्रकाश दुपटीहून अधिक लागतो. शिवाय ३५ मिलिमीटरवर एफ/११ला जी खोली स्पष्ट येते, तिच्यासाठी येथे एफ/२२ गाठावे लागते, म्हणजे आणखी चौपट प्रकाश आला. रोल धुऊन येईपर्यंत फळ थांबत नाही, आणि जागच्या जागी नमुना दाखविणारी फुजीची एफपी-१००सी फिल्म बंद होत असल्याचे त्याच २०१६ साली जाहीर झाले.

डिजिटलमध्ये हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेत भिंगातच शटर असल्याने फ्लॅश अतिजलद वेगालाही जुळतो, या गुणाचा गाजावाजा फार होतो. भर उन्हातल्या लग्नात तो मोलाचा आहे. काळे पडदे ओढलेल्या खोलीत, निश्चल फळापुढे, फुजी जीएफएक्सचा १/१२५ सेकंदही पुरतो, कारण तेथे चित्र घडते ते फ्लॅशच्या लखलखाटातच. आमचे मत भिंगाच्या बाजूने पडते: २०२३ साली फुजीने आणलेले ११० मिलिमीटरचे टिल्ट-शिफ्ट मॅक्रो भिंग दहा अंशांपर्यंत कलते, आणि फोडलेल्या फळाचा गर व पुढे मांडलेल्या काळ्या बिया एकाच तिरक्या प्रतलात स्पष्ट आणते. अखंड फळाच्या गोलाईपुढे मात्र टिल्टचा इलाज चालत नाही. तेथे फोकस स्टॅकिंगच करावे.

खोक्यावर तळहाताएवढे चित्र छापावयाचे असेल, तर असा संच खरेदी करणे ही निव्वळ दौलतजादा होय. मोठ्या फलकांची कामे ज्यांच्याकडे हंगामातून एखाददुसरीच येतात, त्यांनी कॅमेरा व भिंग पुण्याहून भाड्याने आणावे, आणि गाठीची रक्कम भक्कम स्टँड व जोमदार फ्लॅश यांवर खर्च करावी.